चौदाचा पाना

"संगम्या, चौदाचा दे."

आप्पांनी मागे न बघता हात पसरला. मी दळण घेऊन शेडच्या दारात उभी होते. माझ्या नऊ वर्षांच्या लेकीनं, शिवानीनं, हत्यारांच्या पेटीत हात घातला, चौदाचा पाना उचलला आणि त्या काळ्या तळव्यावर ठेवला. बाराचा नाही, सतराचा नाही, बरोबर चौदाचा. आप्पांनी नट कसला आणि पाना मागे धरला. तिनं तो घेऊन फडक्यानं पुसला आणि पेटीत टाकला. दोघांपैकी कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

संगम्या म्हणजे संगमेश्वर. आप्पांचा एकुलता एक मुलगा, शिवानीचा बाप, माझा नवरा. इथं नाव लिहिते आहे, पण तोंडानं ते मी एकदाच घेतलं होतं, लग्नात, उखाण्यापुरतं. त्यांना जाऊन साडेआठ वर्षं झाली होती.

"काय करूलालाव आप्पा?" मी विचारलं.

"गाडी."

"कुणाची?"

"माझी!" शिवानी म्हणाली. नाकाला ग्रीस लागलेलं. "रेसची हाय आई. टीव्हीत असतीय तशी, बुटकी."

मी पिठाचा डबा असा आपटला की झाकण उडालं. "डोंबलाची रेस! सोळाचा पाढा येत न्हाई आन् निघाली रेसला. चल घरी."

ती निघाली नाही. आप्पाही काही बोलले नाहीत. ते कधीच बोलत नसत, हाच तर माझा त्यांच्यावरचा राग होता.

ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. युसूफ वडगावात केबल येऊन वर्ष झालं होतं. गल्लीत आमच्याकडे टीव्ही नव्हता, पण शेजारच्या रतनबाईंकडे होता आणि रविवारी अर्धी गल्ली तिथं बसलेली असायची. एका रविवारी कुठल्यातरी देशातली लहान पोरं बुटक्या गाड्यांमध्ये बसून गरागरा फिरत होती. शिवानीनं आप्पांना विचारलं, "ही पोरं केवढाली हायती?" आप्पा म्हणाले, "तुझ्याएवढीच की." तर ही म्हणाली, "मग मला कावून न्हाई?"

आप्पा उठले आणि शेडमध्ये गेले. दुसऱ्या दिवसापासून लोखंड कापल्याचा आवाज सुरू झाला.

माझे सासरे, मन्मथप्पा, म्हणजे जे जे फिरतं त्याचे वैद्य. विहिरीवरचा पंप असो, इंजिन असो नाहीतर पिठाची गिरणी, आसपासच्या दहा-बारा गावांत काही अडलं की सायकलवरून निरोप यायचा. नुसतं कान लावून सांगायचे, बेअरिंग गेलंय की पिस्टन. फक्त मळणी यंत्राला त्यांनी साडेआठ वर्षांत हात लावला नव्हता. आणि दुसरं म्हणजे खांद्यावर उपरणं नाही, डोक्याला रुमाल नाही. आमच्या लिंगायत समाजात लग्नाकार्यात वडीलधारा माणूस असा उघड्या डोक्यानं बसला की लोक बोलतात. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? बोलायचे, "म्हातारं बिघडलंय."

"संगम्या, पाना दे" ही हाक हे गेल्यानंतर पंधराएक दिवसांत सुरू झाली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातली परात पडली. सासूबाई, शांतादेवी, शेडमध्ये गेल्या आणि हाताला लागला तो पाना त्यांनी दिला. पुढं चार वर्षं त्याच देत होत्या. त्या गेल्यावर शिवानी द्यायला लागली. कुणी आप्पांना म्हणालं नाही की अहो, तो नाही आता. त्या अंधाऱ्या शेडमध्ये आप्पांच्या मागं खरंच कुणीतरी उकिडवं बसलेलं असावं, असं मलाही दुपारी वाटायचं. मी तिकडं बघायचं टाळायची.

मी मात्र एकदाही पाना दिला नाही. घरात दुसरं कुणी नसलं की आप्पांचा हात तसाच हवेत राहायचा. थोड्या वेळानं ते स्वतः उठून घ्यायचे.

हे कसे गेले ते सांगते. मार्च महिना, गव्हाची मळणी. आमच्या मळ्यातलं खळं, मधोमध जुना तिवडा रोवलेला, पूर्वी त्या खांबाभोवती बैल फिरायचे. आता यंत्र आलं होतं. यंत्राचा पट्टा सारखा घसरत होता. पट्टा घसरला की आमच्याकडे एकच उपाय, चालत्या पट्ट्याला राळ चोळायची. राळ चोळायची म्हणजे पट्ट्यावरची जाळी काढून ठेवावी लागते, आणि दर घटकेला कोण काढ-घाल करणार? सगळ्या गावात अशीच मळणी चालायची, जाळी बाजूला ठेवून. यंत्रावर आप्पा होते. हे राळेचा खडा घेऊन पट्ट्यावर वाकले आणि गळ्यातला रुमाल आत गेला.

जाळी आप्पांनीच काढली असणार हे मला त्याच दिवशी कळलं होतं. मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. एका घरात राहून, एका तव्यावरची भाकरी खाऊन आम्ही ते साडेआठ वर्षं मध्ये ठेवलं. आणि मलाही त्या दिवसाची एक गोष्ट ठाऊक होती, जी मी कुणालाच सांगितली नव्हती.

तर अशा माणसानं माझ्या लेकीसाठी फिरणारं यंत्र करायला घेतलं होतं. संध्याकाळी शिवानी बाहेर गेल्यावर मी सरळ विचारलं, "आप्पा, एक गेला तेवढं बास न्हाई का?"

कानस खाली ठेवून ते म्हणाले, "पोरी, ती बसणारच हाय कशावर तरी. आज न्हाई तर उद्या. मी केलेल्यावर बसू दे."

"तुमी केलेल्यावर?" मी म्हणाले.

दोनच शब्द, पण मी ते असे काही म्हणाले की त्यांची मान खाली गेली. मला त्याच क्षणी वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. खोटं कशाला बोलू?

गाडी तयार होत गेली. एक इंची पाइप वाकवून सांगाडा, भंगारातल्या लुनाचं इंजिन, जुन्या स्कूटरची चाकं, पाय कापलेली प्लॅस्टिकची खुर्ची. स्टिअरिंगला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. शाळेतून आली की पोर शेडमध्ये. कुठला बोल्ट कुठं बसतो ते तिला सांगावं लागत नव्हतं. खाण तशी माती, दुसरं काय.

सांगाडा महिन्याभरात झाला, पण जाळीला त्याच्या दुप्पट वेळ लागला. इंजिनपासून मागच्या चाकांच्या कण्यापर्यंत साखळी जाते, तिच्यावरची जाळी. आप्पा ती करायचे, मोडायचे, पुन्हा करायचे. एकदा मी चहा घेऊन गेले तर गाडी विटांवर चढवलेली, चाकं हवेत फिरत होती आणि आप्पा कापडाची एक पट्टी काठीच्या टोकाला बांधून जाळीच्या भोवती नाचवत होते. वरून, बाजूनं, खालून. एका फटीतून पट्टी खस्सकन आत ओढली गेली. त्यांनी इंजिन बंद केलं, पट्टी सोडवली, जाळी काढली आणि पुन्हा वेल्डिंगला बसले.

ती पट्टी मी ओळखली. काठ हिरवे, मध्ये बारीक चौकडी. अंबाजोगाईच्या बाजारात ह्यांनी एकसारखे दोन रुमाल घेतले होते. हा त्यातला दुसरा.

चहा तिथंच ठेवून मी माघारी आले. चुलीपुढे बसून खूप रडले.

असं अकरा दिवस चाललं. मी रोज काहीतरी निमित्त काढून दारात उभी राहायची. अकराव्या दिवशी पट्टी कुठूनच आत गेली नाही. आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "बसू द्या."

गावात सपाट, टणक जागा एकच होती. आमचं खळं. साडेआठ वर्षं तिथं गवत वाढलं होतं. आप्पांनी आणि टेम्पोवाल्या मुंजाजीनं ते खरडून काढलं. शिवानी तिवड्याभोवती गाडी फिरवायला लागली, आधी बैलाच्या चालीनं, मग पाठलाग लागल्यासारखी. आप्पा तिवड्याला टेकून तिच्याबरोबर गोल गोल वळत राहायचे. बसण्याआधी रोज एकच पाठ. आप्पा विचारायचे, "गळ्यात?" ती म्हणायची, "काय न्हाई." "केस?" "बांधले." "जाळी?" ती वाकून हात लावून बघायची आणि सांगायची, "हाय." गळ्यातलं लिंग काढायला मी तयार नव्हते, तर आप्पाच म्हणाले, "दंडाला घट्ट बांध. शिवाला कळतंय समदं." तसं बांधलं.

पाटलांचा अमरसिंह पुण्याला कॉलेजात होता. दिवाळीला आला, खळ्यावर थांबून बघत राहिला आणि म्हणाला, "वहिनी, ही पोरगी इथं कुठं वाया घालवताव? पुण्याजवळ असल्या गाड्यांची खास सडक केलीय. पुढच्या रविवारी बारा वर्षांच्या आतल्या पोरांची रेस हाय. मी नाव देतो." मी आप्पांकडे बघितलं, आप्पांनी माझ्याकडे. हो कुणीच म्हणालं नाही, पण शनिवारी दुपारी मुंजाजीच्या टेम्पोत गाडी चढलेली होती.

रविवारी सकाळी पोचलो. काय ते एकेक! टायरांच्या भिंती, भोंग्यावर गाणी, हातमोजे घातलेली गोरीगोमटी पोरं, त्यांच्या मागं पाण्याच्या बाटल्या घेऊन फिरणाऱ्या आया. मी माझी इरकलीची घडी नीट केली. कुणाला भिते की काय!

हातात कागद घेतलेला एक तरणा पोरगा आला. आमच्या गाडीकडे बघून हसला, पण वाईट नाही हसला. "काका, भारी बनवलीय हो! पण घरच्या गाड्या चालत नाहीत. सगळ्यांना इथल्याच देतो."

मला वाटलं आता म्हातारा कोसळणार. तीन महिन्यांची मेहनत टेम्पोतच राहिली. पण आप्पा म्हणाले, "बराबर हाय. सगळ्या लेकरांला सारखं पायजे."

शिवानीला सहा नंबरची गाडी मिळाली. लाल, चकचकीत. ती हेल्मेट घालून उभी राहिली. आप्पा गाडीच्या मागं उकिडवे बसले, मुंजाजीनं मागचा भाग उचलून धरला, तेव्हा त्यांनी खिशातून पट्टी काढली आणि साखळीजवळ सोडली. शिवानीला म्हणाले, "चाक फिरव." तिनं फिरवलं. पट्टी आत गेली.

"हिची जाळी कुठाय?"

"काल तुटली काका. वेल्डिंगला दिलीय."

"मग दुसरी गाडी दे."

"दुसरी नाहीये. अहो, दहा तर चकरा मारायच्यात. एवढ्यानं काही होत नाही. टाइम जातोय, काका."

आप्पांनी पट्टी सोडवून हातात घेतली. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "मी बी असंच म्हणलतो."

त्या पोराला काय कळणार? मला कळलं. साडेआठ वर्षं ज्या वाक्याची मी वाट बघत होते ते असं तिऱ्हाईताच्या पुढ्यात, टायरांच्या ढिगाशेजारी निघालं. पोरीचा हात धरून सरळ घरी जावं असं मनात आलं.

"आप्पा, जाळी न्हाई?" शिवानीनं विचारलं.

"न्हाई."

तिनं हेल्मेट काढलं. डोळे भरले होते, पण ती म्हणाली, "मग बसायचं न्हाई."

आप्पा उठले. "मुंजाजी, आपल्या गाडीची जाळी काढून आण बे. पळ." मग त्या पोराकडे वळून म्हणाले, "धा मिनिटं थांब. न्हाई थांबलास तर तुझी रेस तुला, आमी चाललो." आप्पांना एवढं मोठ्यानं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. चालक मुलांना नियम सांगायला पलीकडे बोलावलं होतं, तिकडं तो पोरगा शिवानीला घेऊन गेला.

मुंजाजी जाळी आणि हत्यारांची पेटी ठेवून टेम्पोकडे परतला. भोकं जुळेनात. आप्पांनी हातोड्यानं पट्ट्या वाकवल्या, एक बोल्ट बसवला. भोंग्यावर दोनदा सहा नंबरचा पुकारा झाला. आया कुजबुजत होत्या. आप्पांच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता आणि त्यांनी मागे न बघता हात पसरला.

"संगम्या, चौदाचा दे."

मागं मी होते. दुसरं कुणी नव्हतं. हात हवेत थांबला, नेहमीसारखा.

मी पेटीतून चौदाचा पाना काढला आणि त्यांच्या तळव्यावर ठेवला. माझी बोटं लागली, तेव्हा त्यांना समजलं. पण त्यांनी वळून बघितलं नाही, म्हणूनच मला बोलता आलं.

"आप्पा, त्या दिवशी जाळी मी बी बघितली होती. तिवड्याला टेकून ठेवलेली. मी भाकरी घेऊन आलते. ऊन लई होतं. मी तिच्यावर धडपा टाकला आन् शिवानीला तिच्या सावलीत निजवलं. बरी सापडली सावलीला, असं म्हणलं मनात. जाळी लावा म्हणून मी एका शब्दानं बोलले न्हाई."

आप्पा बोल्ट कसत होते. पाना एक फेरा फिरला, दुसरा फिरला.

"ठाव हाय मला," ते म्हणाले.

"कवापासून?"

"त्याच दिवशी. जाळी उचलाया गेलो तर तुझा पिवळा धडपा व्हता तिच्यावर. घडी घालून मीच घरी आणला."

मला आठवलं. कपाटावर घडी घातलेला धडपा. कुणी आणला म्हणून मी तेव्हा विचारलंही नव्हतं.

"मग बोलला कावून न्हाईत इतकी वर्सं? मी तुमच्यावर राग धरला आन् तुमी तो घेतला?"

"एका जाळीचं वझं दोघांनी कशाला उचलायचं?" त्यांनी पाना माझ्याकडे मागे धरला. मी तो घेतला आणि पदरानं पुसला. ग्रीसचा डाग इरकलीवर पडला, तो अजून आहे.

पट्टी चारी बाजूंनी फिरवून झाली. कुठूनच आत गेली नाही. नियम ऐकून परत आलेल्या शिवानीला आप्पांनी विचारलं, "जाळी?" तिनं वाकून हात लावला. "हाय."

रेस मी धड बघितली नाही. डोळे पाण्यानं भरलेले, नुसते रंग फिरताना दिसत होते. आप्पांनीही बघितली नाही. पोरगी पुढं आहे की मागं, त्यांना सोयरसुतक नव्हतं. दर चकरेला सहा नंबरची गाडी समोरून गेली की ते फक्त तिच्या मागच्या बाजूला बघायचे आणि पुटपुटायचे, "हाय. हाय." दहा वेळा.

"आप्पा, पाचवी आले!" शिवानी धावत आली. आठ जणांत पाचवी. तेव्हा आप्पा तिथंच टायरावर बसले. तिनं त्यांच्या गळ्यात हात टाकले. मी दोघांनाही पोटाशी धरलं. लोक बघत होते तर बघू देत.

निघताना तो पोरगा म्हणाला, "काका, तुमची जाळी काढून देतो."

"राहू दे," आप्पा म्हणाले. "उद्या दुसऱ्याचं लेकरू बसंल."

बुधवारी मी अंगणवाडीतल्या कामावरून परत आले तेव्हा शेडमध्ये वेल्डिंगचा वास येत होता. आप्पांनी दुसरी जाळी करायला घेतली होती. शिवानी त्यांच्या मागं पाटावर बसून सोळाचा पाढा घोकत होती. मी दारात थांबले. आप्पांनी मागे न बघता हात पसरला.

"शिवानी, चौदाचा दे."

तिनं दिला. त्यांनी नट कसला. दोघांपैकी कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

साडेआठ वर्षं ज्या हाकेनं माझ्या डोक्यात तिडीक जायची, ती थांबली, चांगलंच झालं. असं मी स्वतःला सांगत घरात आले आणि चूल पेटवली. मग लक्षात आलं की ह्या घरात दिवसातून एकदा तरी त्यांचं नाव निघायचं ते तेवढंच. भिंतीवर फोटो आहे, पण फोटोला कुणी हाक मारत नाही. परात पुढं घेतली, पीठ घेतलं, आणि हात चालेना.

"संगमेश्वर," मी म्हणाले. उखाण्याशिवाय, चुलीपुढं, चांगलं मोठ्यानं.

शेडमधला हातोडा थांबला. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला. मी पिठात पाणी घातलं.